ऑप्शनला टाकलेला चॅप्टर

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

प्रथम वर्षाच्या ग्राफिक्समध्ये एक चॅप्टर असा आहे, जो आपल्या होस्टेलवर परंपरेने ऑप्शनला टाकला जातो. 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस'. सीनियर्स ज्युनियर्सना मेसमध्येच सांगून टाकतात : ऑर्थोग्राफिक पक्कं कर, आयसोमेट्रिक पक्कं कर, डेव्हलपमेंटच्या नादी लागू नकोस, पासिंगचे मार्क्स बाकीच्यात निघतात. सल्ला खोटा नाही. मार्क्स खरंच निघतात! पण माझं म्हणणं असं आहे की, आपल्या गेटपासून रिक्षाच्या अंतरावर, नागापूरच्या एमआयडीसीत, जे नवं काम येतंय ते नेमकं या ऑप्शनला टाकलेल्या चॅप्टरवर चालतं. आणि तो चॅप्टर आपल्याला येत नाही, म्हणून ते काम करायला आपल्याला कोणी बोलावत नाही.

हे काम म्हणजे लेझरने पाइप कापायचं. (मराठी विभागात लिहायचं म्हणून 'पोलादी नळी' म्हणावं असा मोह होतो. त्यातून मी कॉन्व्हेंटची, मराठी लिहायला बसले की उगाच सोवळी होते. पण एमआयडीसीत पाइपला कोणी नळी म्हणत नाही. आपल्याकडे नळी म्हटलं की रश्शातली आठवते. तेव्हा पाइपच.)

लेझरने पत्रा कापतात हे आता नवीन राहिलेलं नाही. बंगल्याच्या गेटवरची नक्षी, दारावरची नावाची पाटी, सगळं लेझरवर होतं. पत्रा सपाट असतो, ड्रॉइंग सपाट असतं, मशिन ड्रॉइंगवरून पेन फिरवल्यासारखं फिरतं. पाइपची गंमत वेगळी आहे. आमच्या बाहा टीमच्या गाडीच्या रोल केजच्या निमित्ताने गेल्या वर्षी मी असं एक मशिन पहिल्यांदा जवळून पाहिलं. सहा मीटरचा अख्खा पाइप एका टोकाला चकमध्ये धरलेला. वर कटिंग हेड, त्याच्या टोकाला तांब्याचा छोटासा नोझल. पाइप गोल फिरतो, पुढे सरकतो, मागे येतो, पुन्हा फिरतो, आणि हेड जवळजवळ एका जागीच वरखाली होत असतं. आकार हेड काढत नाही, पाइपच स्वतःला फिरवून आकार काढून घेतो! भोक, खाच, तिरका काप, दुसऱ्या पाइपवर बसणारं माशाच्या तोंडासारखं टोक (ज्याला सगळे फिशमाउथ म्हणतात), सगळं एका पकडीत. तुकडा खाली पडतो तो थेट वेल्डिंगच्या टेबलावर न्यायचा. मार्किंग नाही, पंच नाही, ड्रिलिंग नाही, कानस नाही.

आता हे होतं कसं, ते थोडक्यात सांगते, कारण वायवाला 'लेझरने वितळतं सर' एवढ्यावर आपण भागवतो. वितळतं, पण वितळलेलं लोखंड तिथेच बसलं तर परत गोठेल. म्हणून किरणाबरोबर त्याच नोझलमधून गॅसचा झोत सोडतात. साध्या पोलादाला ऑक्सिजन दिला की लोखंड त्यात अक्षरशः जळतं आणि कापायला लागणारी बरीचशी उष्णता त्या जळण्यातूनच मिळते. म्हणजे आपल्या वर्कशॉपमधल्या गॅस कटिंगचंच हे नातवंड म्हणा ना. स्टेनलेसला मात्र जास्त दाबाचा नायट्रोजन देतात. तिथे जळणं नाही, नुसतं वितळवून फुंकून टाकणं, म्हणून कड चकचकीत राहते. कापाची रुंदी मिलिमीटरच्या दशांशात. हॅक्सॉच्या पात्याहूनही बारीक.

आणि या प्रकाशाचं मूळ कुठे आहे ठाऊक आहे? नगरहून दौंडमार्गे बारामतीला जातो ना आपण, त्या बारामतीत १९३८ साली जन्मलेले चंद्रकुमार पटेल. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून बीई झाले, अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६१ मध्ये पीएचडी केली आणि १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. जगातला पहिला लेझर मैमन यांचा, १९६० चा, माणकाच्या कांडीचा. पण कारखान्यात घाम गाळायला आला तो पटेलांचा. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी याच जातीच्या लेझरला ऑक्सिजनचा झोत जोडून पोलाद कापून दाखवलं आणि तिथून हा सगळा धंदा सुरू झाला. १९९६ मध्ये पटेलांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. आपल्याच भागातला, आपल्याच विद्यापीठाचा इंजिनिअर. पण आपल्या डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये न्यूटन आणि आइनस्टाइनची पोस्टर्स आहेत, त्यांचं नाही. असो.

पटेलांच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. हा किरण काचेच्या तंतूतून जात नाही, त्याला आरशांवरून उड्या मारत न्यावं लागतं. अलीकडे सगळीकडे दिसतो तो फायबर लेझर, तरंगलांबी १.०७ मायक्रॉनच्या आसपास. तो तंतूतूनच येतो, वायरसारखा वाकवून हवा तिथे नेता येतो, आणि चकचकीत धातू त्याला जास्त चांगला शोषून घेतात. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण वेड्यावाकड्या आकारांचं कापकाम यामुळे फार सोपं झालं. हेड तिरकं करा, रोबोच्या हातात द्या, किरण मागोमाग येतो. आरसे जुळवत बसायला नको.

आता मुद्द्याकडे येते. फिशमाउथ.

आडव्या पाइपवर उभा पाइप बसवायचा आहे. दोन्ही एकाच मापाचे. उभ्या पाइपचं टोक सरळ कापलेलं असेल तर ते दोन बिंदूंवर टेकेल आणि बाकी सगळीकडे फट. म्हणून त्या टोकाला आडव्या पाइपच्या पोटाचा आकार द्यावा लागतो. आपल्या वर्कशॉपमधले मामा हे कसं करतात ते पाहिलंय कुणी? ते जाड कागदाची पट्टी घेतात, पाइपच्या परिघाएवढी. २५.४ मिमीचा पाइप असेल तर सुमारे ७९.८ मिमी. तिचे बारा भाग पाडतात. प्रत्येक रेघेवर एक उंची मोजून खूण करतात, खुणा हाताने जोडतात, कात्रीने कापतात आणि पट्टी पाइपला गुंडाळून खडूने कड ओढतात. मग ग्राइंडर. अर्ध्या तासात टोक बसतं. मामांना विचारलं, या उंच्या कुठून आणता? म्हणाले, "अहो बाई, एकदा कागदावर काढून ठेवलंय, मापाप्रमाणे पट्ट्या ठेवल्यात डब्यात."

मित्रमैत्रिणींनो, तो डबा म्हणजे आपला चॅप्टर आहे! तीच डेव्हलपमेंट, तेच बारा भाग, त्याच प्रोजेक्शनच्या रेघा. आपण ती अर्धाइंपिरियल शीटवर काढतो, खाली टायटल ब्लॉक करतो, सही घेतो आणि विसरतो. ती कागदातून कापून कशाला तरी गुंडाळायची असते, हे आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

गुंडाळून बघितली तर काय मजा आहे बघा. पाइप एका तिरक्या पात्याने कापा आणि त्याची कड उलगडून सपाट करा. जी रेघ मिळते ती साइन वेव्ह असते. बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरातली, ऑसिलोस्कोपवर दिसणारी, हुबेहूब तीच. ४५ अंशांनी कापला तर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची उंची पाइपच्या व्यासाएवढी. आणि एकाच मापाच्या दोन पाइपांचा काटकोनातला फिशमाउथ उलगडला तर कोसाइनचे दोन अर्धे उंचवटे शेजारीशेजारी येतात. हे मला पाठ्यपुस्तकातून कळलं नाही, मामांच्या डब्यातली पट्टी टेबलावर सरळ करून पाहिल्यावर कळलं. लेझर मशिनचा कंट्रोलरही दुसरं काय करतो? पाइपचं फिरणं म्हणजे आडवा अक्ष, पाइपचं पुढेमागे सरकणं म्हणजे उभा अक्ष, आणि त्या दोघांमध्ये तो हाच आलेख काढत असतो. मामांची कागदाची पट्टी आणि एवढं महागडं मशिन यांच्यात भूमितीचा फरक शून्य आहे.

"मग सॉफ्टवेअर करतंच की, आपण कशाला शिकायचं?" हा प्रश्न मला आमच्या वर्गात चार जणांनी विचारला. त्यांच्यासाठी पुढचा भाग जरा मोजमापांसहित लिहिते.

वर सांगितलेली गणितं पाइपला जाडी नाही असं धरून आहेत. आमच्या रोल केजचा पाइप होता २५.४ मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडी. म्हणजे बाहेरची त्रिज्या १२.७, आतली ९.७. उभ्या पाइपच्या दोन्ही बाजूंना जे कान खाली उतरतात, तिथे बाहेरच्या पृष्ठभागाला आडव्या पाइपच्या मध्यरेषेपर्यंत, म्हणजे शून्यापर्यंत यावं लागतं. पण आतल्या पृष्ठभागाला तिथे मध्यरेषेच्या वर ८.२ मिमीवरच थांबावं लागतं, कारण त्याखाली आडवा पाइप आहे. (१२.७ चा वर्ग वजा ९.७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. करून बघा.) म्हणजे खरा नीट बसणारा कान हा सुरीच्या धारेसारखा निमुळता असतो. हेड नेहमी पाइपच्या केंद्राकडेच रोखलेलं असेल, तर काप भिंतीतून सरळ आरपार जातो, आतली आणि बाहेरची कड एकाच उंचीवर येतात. अशा मशिनला बाहेरच्या पृष्ठभागाचं ड्रॉइंग दिलं तर आतली कड आधी अडकते आणि पाइप बसतच नाही. आतल्या पृष्ठभागाचं दिलं तर पाइप बसतो, पण बाहेरून कानाखाली मोठी खाच राहते, ती वेल्डरने भरायची. हेड तिरकं होणारं असेल तरच धार निघते. गंमत म्हणजे, साध्या ड्रिल मशिनला त्याच मापाचा होल-सॉ लावून कापलं तर हा कान आपोआप बरोबर येतो, कारण होल-सॉचा आकारच आडव्या पाइपचा असतो! हाच पाइप ६० मिमीच्या जाड्या पाइपवर बसवायचा असेल तर मात्र आतल्या-बाहेरच्या कडेतला फरक उरतो जेमतेम १.२ मिमी, तिथे सरळ हेड मजेत चालतं.

सॉफ्टवेअर यातलं काही ठरवत नाही. सॉफ्टवेअर विचारतं. बाहेरचा पृष्ठभाग की आतला? वेल्डिंगसाठी फट किती ठेवू? कुठला पाइप सलग जाणार आणि कुठला तोडायचा? पाइपची सीम, म्हणजे पत्रा वळवून जिथे जोडलेला असतो ती रेघ, कुठल्या बाजूला येऊ दे? कॅडमध्ये दोन पाइप एकमेकांत घुसलेले असले तरी स्क्रीनवर ते फार देखणे दिसतात. मशिनला देखणेपणाचं काही नाही.

ज्या जॉबवर्कवाल्यांकडे आम्ही गेलो होतो, तिथे हे प्रश्न विचारणारा माणूस इंजिनिअर नव्हता. आयटीआय फिटर, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. आधी त्याच शेडमध्ये ग्राइंडरवर होता. आता एसीच्या केबिनमध्ये बसून प्रोग्राम करतो, नेस्टिंग करतो, म्हणजे सहा मीटरच्या पाइपात कुठले तुकडे कुठल्या क्रमाने बसवले तर शेपूट कमी वाया जाईल ते बघतो. (चकमध्ये धरलेला शेवटचा तुकडा बहुतेक मशिनवर कापता येत नाही, तो भंगारात जातो.) त्याला 'ट्रू लेंग्थ' हा शब्द माहीत नव्हता. पण आमच्या ड्रॉइंगकडे बघून त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच : "मॅडम, यातला सलग कुठला?" मी त्या दादाला म्हटलं, तुम्हाला हे कोणी शिकवलं? तो म्हणाला, हाताने कापून कापून शिकलो, आता कापत नाही एवढंच.

माझ्या मते, या एका वाक्यात हा सगळा विषय आला. लेझर आला म्हणजे फिटर गेला असं आपण सेमिनारमध्ये म्हणतो. मला ते अर्धवट वाटतं. गेलं ते ग्राइंडिंग, गेलं ते मार्किंग, आणि ज्यांना फक्त तेवढंच काम होतं त्यांचा रोजगार खरंच गेला. ते लपवण्यात अर्थ नाही. नागापूर फाट्यावर सकाळी डबा घेऊन उभे राहणारे हेल्पर त्यात आहेत आणि त्यांना कोणी एसीच्या केबिनमध्ये बसवणार नाही. पण फिटरचं जे डोकं होतं ते कुठे गेलं नाही. ते पुढे सरकून ड्रॉइंगमध्ये जाऊन बसलं. पूर्वी ड्रॉइंग कच्चं असलं तरी चालायचं, कारण मध्ये एक फिटर उभा असायचा. तो बघायचा, हे बसणार नाही, आणि कानस घेऊन दोन मिलिमीटर इकडचे तिकडे करून टाकायचा. कॉलेजच्या ड्रॉइंगमधल्या कितीतरी गोष्टी वर्षानुवर्षं अशा कानशीने निस्तरल्या गेल्या असतील. आता मध्ये कोणी उभं नाही. जे काढलं तेच कापलं जातं, आणि एक नाही, पाहिजे तेवढे नग, सगळे अगदी सारखे.

त्याच शेडच्या कोपऱ्यात पाइपच्या तुकड्यांचा एक ढीग होता. सुंदर कापलेले, एकही बर नाही. एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलचं होतं आणि कुणीतरी ते फर्स्ट अँगल समजून मॉडेल केलं. झालं, डाव्या हाताचे ब्रॅकेट उजव्या हाताचे निघाले, चाळीसच्या चाळीस! फर्स्ट अँगलचं ते छोटं चिन्ह, कापलेल्या शंकूचं, आपण टायटल ब्लॉकमध्ये शेवटच्या मिनिटाला मित्राच्या शीटवरून उतरवतो ना, त्याची किंमत त्या ढिगात दिसत होती. हाताने काम चाललं असतं तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या नगाला कोणीतरी म्हणालं असतं, हे उलटं दिसतंय.

पाइपचं काम नगरला काही परकं नाही. १९७२ मध्ये इथल्याच कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली आणि सायकलवरच्या महाराष्ट्राला पेट्रोलवर बसवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनची विजेवरची ई-लुना आली. तिची चासी दुहेरी पाइपची, जास्त ताकदीच्या पोलादाची आहे. ती चासी, स्टँड, स्विंग आर्म बनवण्याचं काम कायनेटिक इंजिनिअरिंगने घेतल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं होतं. म्हणजे पन्नास वर्षांनी पुन्हा पाइप, पुन्हा नगर. (२०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर, पण एसटी स्टँडवर अजून सगळे नगरच म्हणतात, मीही.) याशिवाय गोठ्याचे सांगाडे, ट्रॉलीच्या बॉडी, जिमची यंत्रं, सोलरचे स्ट्रक्चर, शाळेचे बेंच... आजूबाजूला बघा, पाइप नाही असं काय आहे? चौकोनी पाइपला तीन बाजूंनी व्ही आकाराची खाच पाडून तो हाताने वाकवला की चौकट तयार होते, चारऐवजी एकच तुकडा. एका तुकड्याला जीभ, दुसऱ्याला खाच ठेवली की फिक्स्चरशिवाय तुकडे एकमेकांत बसतात, वेल्डरला गुण्या लावायची गरज नाही. हे लेझरमुळे परवडतं. पण ते सुचावं लागतं, आणि सुचायचं काम मशिनचं नाही.

ज्यांना पाइप म्हणजे फॅब्रिकेशनवाल्यांचा विषय वाटतो त्यांना दोन गोष्टी सांगते. मोटारीच्या दारामधला जो खांब असतो, तो आजकाल अनेक गाड्यांत पत्रा ९०० अंशांच्या आसपास तापवून थंड डायमध्ये दाबून बनवतात. त्याची ताकद १५०० मेगापास्कलपर्यंत जाते. एवढ्या कडक तुकड्याला नंतर पंचाने भोक पाडायला गेलात तर पंचच झिजतो. म्हणून तो वेडावाकडा तुकडा जसाच्या तसा धरून पाच अक्षांचा लेझर त्याच्या कडा आणि भोकं कापतो. तिथे तर डेव्हलपमेंटही चालत नाही, कारण असला पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट उलगडतच नाही (सिलिंडर उलगडतो, गोल उलगडत नाही, हेही त्याच चॅप्टरमध्ये आहे). आणि दुसरी गोष्ट, हृदयाच्या रक्तवाहिनीत घालतात तो स्टेंट. तोही एक पाइपच! जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा, लेझरने कापून जाळी केलेला. तुमच्या घरातही कुणाच्या छातीत आपल्या ऑप्शनला टाकलेल्या चॅप्टरचा एक प्रश्न सोडवून बसवलेला असेल.

एक बाब मध्येच सांगून टाकते, कारण उद्या इंटर्नशिपला कोणी जाईल. फायबर लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि तो थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. जुन्या कार्बन डायऑक्साइडच्या मशिनला साधी अॅक्रिलिकची खिडकी पुरायची, कारण १०.६ मायक्रॉन तिथेच अडतो. फायबरला ती पुरत नाही, त्या तरंगलांबीसाठीची खास काच किंवा चष्मा लागतो. बाजारात उघडी, झाकण नसलेली मशिनंही मिळतात. 'काही होत नाही' म्हणणाऱ्याच्या शेजारी उभे राहू नका. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप कापताना जस्ताचा धूर ओढून घेणारा पंखा चालू आहे ना, ते बघा.

आता मला काय हवंय? लेझर मशिन नको. आपल्या कॉलेजने एक घेतलं तर काय होईल ते मला माहीत आहे. उद्घाटन होईल, नारळ फुटेल, प्लॅस्टिकचं कव्हर चढेल आणि कमिटी आली की काढलं जाईल. मशिन नागापुरात आहेत, रोज चालतात, त्यांना जॉबवर्क हवंच असतं.

मला हवं आहे ते एवढंच की प्रथम वर्षाची डेव्हलपमेंटची शीट सबमिट होण्याआधी एकदा पाइपला गुंडाळली जावी. प्रत्येक बॅचने दोन पाइप घ्यावेत, शीटवरून पट्टी कापावी, खडूने कड ओढावी, हॅक्सॉ आणि कानशीने टोक करावं आणि ते दुसऱ्यावर ठेवून बघावं. बसतं की नाही, हे मामांनी सांगावं. मार्क्सच्या कागदावर मामांची सही नियमात बसत नसेल तर सरांची असू दे, पण 'बसतं' हा शब्द मामांचा असावा. शीटवर पाइपची जाडी लिहायची सक्ती करावी, म्हणजे आतला पृष्ठभाग आणि बाहेरचा पृष्ठभाग हा प्रश्न पहिल्याच वर्षी पडेल. आणि तिसऱ्या वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणून बसमधून जाऊन गेटवर ग्रुप फोटो काढून येण्यापेक्षा, प्रत्येक बॅचने एक खरा तुकडा डिझाइन करून एखाद्या जॉबवर्कवाल्याकडून कापून आणावा. मग त्या केबिनमधल्या दादाचे प्रश्न त्यांना ऐकावे लागतील.

आमच्यातले निम्मे जण 'मेकॅनिकलला नगरमध्ये जॉब नाहीत' म्हणत पुण्याला आयटीच्या क्लासला जातात. जावं की, ज्याला आवडतं त्याने जरूर जावं. पण जॉब नाहीत हे म्हणण्याआधी, त्या केबिनमधल्या खुर्चीवर आपण बसू शकलो असतो का, हे एकदा तपासावं. आज तरी तो आयटीआयवाला आपल्यापुढे आहे आणि ते योग्यच आहे. कारण त्याने आधी हाताने कापलंय आणि आपण ते ऑप्शनला टाकलंय.

पाइपला पैसे कुठून आणायचे, असं स्टाफ मीटिंगमध्ये कोणी विचारलंच तर माहितीसाठी सांगते. आमच्या रोल केजचे उरलेले तुकडे वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये, लेथच्या मागच्या रॅकवर पडलेले आहेत. एकेक फुटाचे, साधारण तीस-पस्तीस नग. पहिल्या वर्षाला तेवढे पुरतील. मामांना विचारून घ्यावेत, किल्ली त्यांच्याकडे असते.